पडवीतले बोर्ड गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत रविवारी संध्याकाळी बोर्ड गेम मांडले जातात. शेजारी, वाडीतली पोरं, गणपतीला आलेले चाकरमानी आणि सहज डोकावणारे पाहुणे ठरावीक प्रश्न विचारतात. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून उत्तरं लिहून ठेवली आहेत. क्रमाला काही अर्थ नाही. हवं तिथून वाचा.

म्हणजे ल्युडो-सापशिडीच ना?

नाही. ल्युडोत फासा सांगेल तेवढी घरं चालायची, डोकं लावायला फारशी जागा नाही. खरं तर ल्युडो ही आपल्या पचिसीचीच विलायतेत जाऊन सोपी झालेली आवृत्ती. 1896 साली तिकडे तिचं पेटंटही घेतलं गेलं. पचिसी कवड्यांवर चालायची, पण त्यात जोडीदार असायचा आणि कुठली सोंगटी पुढे काढायची यावर वाद व्हायचे. वाद घालण्याइतकी निवड ज्यात आहे, तो माझ्या लेखी खेळ.

आजच्या बोर्ड गेमची मोठी लाट जर्मनीतून आली. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या धंद्यात असलेल्या क्लाउस टॉयबर यांचा ‘कॅटान’ 1995 साली आला आणि हा प्रकार जर्मनीबाहेर घराघरांत पोचला. या खेळांत सहसा कुणी अर्ध्यातून बाद होऊन भिंतीला टेकून बसत नाही, डाव कधी संपणार हे साधारण कळतं आणि प्रत्येक पाळीला काहीतरी ठरवावं लागतं.

आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. 1988 साली न्यूरेंबर्गच्या खेळणी प्रदर्शनात काही जर्मन निर्मात्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या: डब्यावर आमचं नाव छापणार नसाल तर आमचा खेळ मिळणार नाही. तेव्हापासून पुस्तकावर लेखकाचं असतं तसं डब्यावर खेळ रचणाऱ्याचं नाव असायची रीत पडत गेली. पचिसी कुणी रचली, कुणाला ठाऊक!

ह्यो जुगार नाय मां?

हा प्रश्न कायम आज्यांचा. नाय गे आजी, पैसे लावचे नाय. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालापासून आहे आणि कोकणात श्रावणातल्या पत्त्यांपायी त्याची ओळख बऱ्याच घरांना आहे, म्हणून आज्यांची धास्ती समजते. इथे हरणाऱ्याने चहा टाकायचा, एवढीच पैज.

आपले पत्ते काय वाईट आहेत?

काहीच वाईट नाहीत. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, झब्बू, बदाम सात हे सगळं आमच्याकडे आजही चालतं, आणि गणपतीच्या जागरणाला बावन्न पत्त्यांना पर्याय नाही. उलट ज्यांचा हात पत्त्यांवर बसला आहे ते नवे खेळ सगळ्यात लवकर शिकतात. याचा अंदाज मला थॉमस झिंग यांच्या ‘द क्रू’मुळे आला. हा खेळ हात करण्याचाच आहे. चार रंग, प्रत्येकात 1 ते 9, आणि वर चार रॉकेटं. रॉकेट म्हणजे हुकूम. रंग असेल तर रंगच उतरायचा. इथपर्यंत मेंढीकोट येणाऱ्याला एक शब्दही सांगावा लागत नाही.

पुढे मात्र खेळ उलटा होतो. सगळे एकाच बाजूला असतात. कामं वाटून दिलेली असतात: हिरवा 6 या भिडूनेच उचलायचा, गुलाबी 2 त्या दुसऱ्यानेच. आणि बोलायचं नाही! स्वतःजवळच्या एखाद्या पत्त्याबद्दल ठरावीक पद्धतीने एकदाच खूण करता येते. अशा पन्नास मोहिमा आहेत, एकापेक्षा एक अवघड. आयुष्यभर जोडीदाराला भुवयांनी आणि खोकल्याने इशारे देत मेंढीकोट खेळलेल्या आमच्या वाडीतल्या मंडळींना गप्प बसवणं हे त्या पन्नास मोहिमांहून कठीण होतं. 2020 साली या खेळाला जर्मनीतला जाणत्यांसाठीचा पुरस्कार मिळाला. आमच्या पडवीत तो जाणत्यांसाठी मुळीच नाही, नवशिक्यांना आम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करून देतो.

पहिला गेम कुठला घेऊ?

आधी सांगा, बसणार कोण? आणि किती वेळ बसायला मिळणार?

हे मी मुद्दाम विचारते. इंटरनेटवरच्या ‘सर्वोत्तम दहा’ याद्यांत हा प्रश्न नसतो. त्या याद्या करणाऱ्यांकडे दर आठवड्याला येणारे तेच चार जण असतात आणि समोर तीन तास रिकामे असतात. आमच्याकडे गणपतीत घर माणसांनी भरलेलं, पुरुष माणसं खळ्यात निवांत, आणि बायकांना दोन पंगतींच्या मधला अर्धा तास मिळाला तर मिळाला. तीन तासांचा खेळ मांडला की वहिनी, काकू, आत्या आपोआप बाहेर. त्यांना कुणी नको म्हणत नाही, पण डाव सोडून नारळ खवायला उठावं लागणार हे ठाऊक असल्यामुळे त्या बसतच नाहीत. घरात आणलेला गेम निम्म्या घराने कधी हातातच घेतला नाही, असं त्यामुळे होतं.

म्हणून माझी निवड वेळेवरून सुरू होते. ‘अझूल’ घ्या: मिखाएल कीसलिंग यांचा, 2017चा, पोर्तुगीज पद्धतीच्या रंगीत फरश्या भिंतीवर बसवण्याचा. पाऊण तासात संपतो, वाचायला एक अक्षर नाही, आणि आपल्याला हवी ती फरशी दुसऱ्याने उचलली की तोंडून जे निघतं ते कुठल्याही भाषेत कळतं. ‘कार्कासोन’मध्ये 72 चौकोन एकेक करून जोडत नकाशा वाढत जातो, मधे कुणी उठून गेलं तर त्याची पाळी दुसऱ्याला खेळता येते. ‘लव्ह लेटर’मध्ये तर मूळचे पत्तेच 16. डाव कुकरच्या तीन शिट्यांत होतो.

‘कॅटान’ पहिला म्हणून घेऊ नका असं हल्ली बरेच जाणकार सांगतात. मला पटत नाही. त्यात देवाणघेवाण आहे, आणि बाजाराच्या दिवशी मासळीवाल्या मावशीशी घासाघीस केलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. आमच्याकडे त्यातल्या विटेला चिरा म्हणतात, गव्हाला भात, आणि ज्या जमिनीवर बसेल तिचं उत्पन्न बंद पाडणाऱ्या चोराला माकड. बागायतदाराला जास्त समजावत बसावं लागत नाही.

इंग्रजी न येणाऱ्यांचं काय?

पत्त्यांवर मजकूर नसलेले खेळ निवडा. अझूल, कार्कासोन, द क्रू, ‘हानाबी’, हे सगळे तसेच. नियम एकाने वाचायचे आणि बाकीच्यांना तोंडी सांगायचे.

शब्दांचे खेळ मात्र मराठीत करून घ्यावे लागतात, आणि त्यातच खरी मजा आहे. व्लादा ख्वातिल यांचा ‘कोडनेम्स’ घरगुती खेळासाठी आम्ही आमच्या शब्दांवर चालवतो. पाच बाय पाच असे 25 शब्द मांडायचे. त्यातले 9 एका गटाचे, 8 दुसऱ्याचे, 7 कुणाचेच नाहीत आणि एक काळा: तो उचलला की खेळ खलास. कुठला शब्द कुणाचा हे फक्त दोन म्होरक्यांना दिसतं. त्यांनी आपल्या गटाला एक शब्द आणि एक आकडा सांगायचा: शब्द हा इशारा, आणि आकडा म्हणजे तो मांडलेल्या किती शब्दांसाठी आहे ते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही शब्द लिहिले: गळती, पालखी, तिरफळ, होडी, तहसीलदार, खाडी, सूप, गाऱ्हाणं. एकदा एका काकींनी ‘तहसीलदार’ आणि ‘गाऱ्हाणं’ यांसाठी ‘खेपा, दोन’ असा इशारा दिला. ‘खेपा’ म्हटल्यावर समोरच्याने सरळ ‘होडी’ उचलली. त्यावर दोन्ही बाजूंनी बराच वेळ वकिली झाली.

पावसात गेम खराब होत नाहीत?

होतात. या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी पानांवर शोधू नका. ज्यांच्याकडे घरात यंत्राने हवा कोरडी ठेवतात त्यांचे सल्ले आपल्याला लागू नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुठ्ठा दमट हवेतलं पाणी ओढतो. खेळाचा पाट (बोर्ड) बाकदार होतो, टोकन फुगून खाचेत बसत नाहीत, पत्ते एकमेकांना चिकटतात आणि काळ्या डब्यावर पांढरी बुरशी धरते.

आमच्याकडे काय करतात ते सांगते. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी, सगळे डबे उघडून पंख्याखाली ठेवायचे आणि मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत भरायचे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, औषधांच्या आणि चपलांच्या डब्यांतून निघतात त्यासुद्धा चालतात. ओला झालेला गेम तसाच पेटीत बंद केला तर बुरशी आतच पोसली जाते, त्यापेक्षा तो बाहेर राहिलेला बरा. पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घालायची, नेहमीचं माप 63.5 बाय 88 मिलीमीटर. पेटी सारवलेल्या जमिनीवर किंवा मातीच्या भिंतीला लावून ठेवायची नाही: खालून ओल आणि मागून वाळवी. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकू नका. कसर जाईल, पण वास पत्त्यांना धरून राहतो आणि पुढचं वर्षभर कपाटात बसून खेळल्यासारखं वाटतं. बाक आलेला पाट दसऱ्यानंतर सपाट जागी पालथा घालून त्यावर दळणाचा डबा ठेवायचा. कडक उन्हात टाकला तर तो दुसऱ्या बाजूला वळतो.

अझूलच्या फरश्या राळेच्या आहेत, त्यांना पावसाचं सोयरसुतक नाही. आमच्याकडे आषाढात तोच जास्त निघण्याचं तेही एक कारण.

पावसाळ्यात जास्त खेळता की उन्हाळ्यात?

पावसाळ्यात. 1 जूनपासून मासेमारी बंद असते, म्हणजे एरवी न दिसणारी मंडळी पडवीत येतात. लाईट जाते, मोबाईलचा टॉवर जातो, आणि खेळाला दोन्ही लागत नाहीत. मे महिन्यात आंबे, काजू आणि पाहुणे यांतून वेळ नाही. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की ज्या रविवारी जवळपास दशावतार असेल त्या रविवारी पडवी बंद. तिथे स्पर्धा करायची आमची टाप नाही.

गेम इतके महाग का असतात?

छपाई कमी प्रतींची, माल परदेशातला, वर आयात शुल्क आणि वाहतूक. शिवाय कुरिअर वाडीपर्यंत येईलच असं नाही, तालुक्याला जाऊन पार्सल सोडवावं लागतं. तीन-चार हजारांचा गेम चार घरांनी मिळून घेतला तर जड जात नाही. आमच्या पेटीतले निम्मे गेम असेच आहेत. ते कोणाच्या घरी राहणार यावरून अजून तरी भावकीत दावा उभा राहिलेला नाही.

गंजिफा खेळता का? ती तर तुमच्या शेजारची.

खेळतो, पण क्वचित. सावंतवाडीच्या राजवाड्यात चितारी अजून गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवतात. 1970च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि 1 ते 10, असे 120 गोल पत्ते. खेळ हात करण्याचाच, पण हुकूम नाही. पाच रंगांत आकडे नेहमीसारखे चढतात आणि उरलेल्या पाचांत उलटे, म्हणजे एक्का दश्शीला मारतो. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णाचा.

आधुनिक खेळांच्या जगात ‘दिवस आणि रात्र यांनुसार नियम बदलतो’ असं कुणी केलं असतं तर चार समीक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. गेलेल्या सगळ्या पत्त्यांची आठवण ठेवावी लागते, तिघांत प्रत्येकाला 40 पत्ते येतात, आणि पहिल्या तासात माझं डोकं शिणतं. शिवाय चिंचोक्याची खळ आणि लाख लावून केलेला हाताने रंगवलेला संच पोरांच्या हातात द्यायला जीव होत नाही. तो भेट म्हणून भिंतीवर जातो आणि तिथेच राहतो, याचं मला वाईट वाटतं. खेळायला साधा छापील संच ठेवावा.

वेंगुर्ल्यात बसून पुरस्कार आणि क्रमवारी कशाला बघता?

कारण आवडतं. खेळणं आणि खेळांच्या बातम्या ठेवणं हे दोन वेगळे छंद आहेत. क्रिकेट न खेळता सरासरी पाठ असणारे लोक गावोगावी आहेत, त्यांना कुणी हा प्रश्न विचारत नाही.

जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ (वर्षातला खेळ) पुरस्कार 1979 पासून दिला जातो. डब्यावर लाल सोंगटीचं चिन्ह दिसलं तर तो गेम कुटुंबात चालेल असं बहुधा धरता येतं. जर्मनीतल्याच एसेनला दर ऑक्टोबरात खेळांचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या आठवड्यात इथे भातकापणी चालू असते आणि मी रात्री नव्या गेमची नियमपुस्तकं इंटरनेटवरून उतरवून वाचते. नियमपुस्तक वाचणं मला खेळण्याइतकंच आवडतं. न घेतलेल्या कितीतरी गेमचे नियम मला पाठ आहेत.

क्रमवारीबद्दल मात्र सांभाळून. ‘बोर्डगेमगीक’ हे संकेतस्थळ 2000 सालचं. तिथे नव्या गेमला मिळालेल्या मतांत मधल्या दर्जाची पुष्कळ कृत्रिम मतं मिसळून गुण काढतात, म्हणजे दहा मित्रांनी 10 पैकी 10 दिले तरी गेम वर चढत नाही. पद्धत चोख आहे. पण मतं देतात ती त्या खेळाच्या वाटेला गेलेली माणसंच. अवघड खेळ आवडणारा अवघड खेळ विकत घेतो आणि त्याला 9 देतो, ज्याला तो झेपणार नाही तो मत द्यायला तिथे जातच नाही. म्हणून वरच्या जागा बहुतेक जड खेळांनी भरलेल्या. बरीच वर्षं पहिल्या जागी ‘ग्लूमहेवन’ होता, दहा किलोच्या आसपास वजनाचा डबा. 2023 साली त्याच्या जागी ‘ब्रास: बर्मिंगहॅम’ आला.

ब्रास मी खेळले आहे, आणि तो मला आवडतो. त्याचं कारण क्रमवारी नव्हे. तो इंग्लंडातल्या औद्योगिक क्रांतीचा खेळ आहे. अर्धा खेळ कालव्यांचा. कष्टाने जोडलेले सगळे कालवे मध्यंतराला पाटावरून उचलून टाकायचे आणि रेल्वे नव्याने टाकायची. नव्या खेळाडूला हे अन्यायाचं वाटतं. आमच्या इथे बंदरावरून माल जायचा, डचांची वखार होती, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. माणसं आणि माल आता रस्त्याने आणि कुडाळ-सावंतवाडी स्टेशनावरून जातात. त्यामुळे कालवे उचलताना आमच्यातलं कुणी कुरकुरलं नाही. पण हा खेळ वर्षातून एखाद्या वेळीच मांडला जातो, कारण तीन तास मोकळे असलेले चार जण जमवायला लागतात. माझ्या पेटीची क्रमवारी कोणता गेम किती वेळा बाहेर निघाला यावर ठरते, आणि त्यात ब्रास बराच खाली आहे.

सगळे मिळून जिंकायचे खेळ भांडखोर घरांना बरे ना?

वाटतं तसं नाही. मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’मध्ये सगळ्यांनी मिळून साथी आवरायच्या. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. मग घरातले थोरले काका प्रत्येकाला ‘तू इकडे जा, तू तिकडे जा’ सांगतात आणि बाकीचे सोंगट्या हलवण्यापुरते उरतात. देवघरापासून विहिरीपर्यंत ज्यांचा शब्द चालतो त्यांना इथे गप्प कोण करणार? त्यावर उपाय म्हणजे माहिती झाकलेले खेळ. आंत्वान बोझा यांच्या ‘हानाबी’त स्वतःचे पत्ते स्वतःला दिसत नाहीत, उलटे धरायचे, दुसऱ्यांनी मोजके इशारे द्यायचे. काकांना स्वतःच्या हातात काय आहे हे पुतणीला विचारावं लागतं. पुतण्यांना हा खेळ फार आवडतो.

मुलांचं गणित सुधारतं का?

त्यासाठी खेळू नका, मुलांना वास येतो. दोन फाशांची बेरीज 7 येण्याचे 36 पैकी 6 मार्ग, 6 किंवा 8 येण्याचे पाच-पाच, 2 किंवा 12चा एकेक. कॅटानमध्ये जमिनींवर आकडे असतात, फाशांची बेरीज तो आकडा आली की ती जमीन पिकते, म्हणून खेळणाऱ्या पोरांना हे न शिकवता येतं. होडी हाकणाऱ्या एका तांडेल काकांनाही ते आकडेमोड न करता आलं. 8वर घर मिळालं तर ते 12कडे ढुंकून बघत नाहीत.

कोकणावर एखादा गेम का नाही?

मी खटपट करते आहे. पहिला विचार अॅलन मून यांच्या ‘तिकीट टू राईड’सारखा रेल्वे जोडण्याचा. त्याच्या भारताच्या नकाशाची आवृत्ती 2011 साली आलीही आहे. पण कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर, बहुतांश एकेरी मार्ग. एकाच रेषेवर वाट अडवायची ती कुणाची? निवडच उरत नाही. मग लक्षात आलं की कोकणाची खरी वाटाघाट घाटांत आहे: कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली. खाली बंदरं, वर बाजारपेठा, मधे पावसात दरड कोसळून बंद होणारे घाट. जून आला की एकेक घाट बंद पडू शकतो, आणि तुमचा माल कुठल्या बाजूला अडकतो त्यावर खेळ. सध्या तो वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. दरडी फार पडतात अशी तक्रार आहे. त्या कमी करणार नाही.

मोबाईलवर खेळलं तर?

खेळा. ‘बोर्ड गेम अरीना’वर मुंबईतल्या चुलतभावाशी एकेक चाल दिवसभरात खेळता येते, आणि विकत घेण्याआधी गेम कळतो. फक्त तिथे चहा कोणी टाकत नाही.

येताना काय आणू?

काही नको. आणायचंच तर कोरडं आणा. भजी डाव संपल्यावर, आणि कोकम सरबत पेटीपासून हातभर लांब. तुमचा स्वतःचा गेम आणणार असाल तर नियम आदल्या रात्री वाचून या. पडवीत सहा जणांना बसवून पहिल्यांदा पुस्तक उघडणाऱ्याला पुढच्या रविवारी भांडी लागतात.